देवगड साईडला गेलात तर या किराणा दुकानात थांबाच

बोर्ड पार उडालाय, रस्त्यावरून दुकान बंदच वाटतं, तरी थांबा. आमसुलं मस्त, घरची वाळवलेली, आणि तिरफळं काळ्या बिया काढून देतात जे हल्ली कोणी करत नाही. उकडे तांदूळ पण चांगले. मालवणी मसाला मात्र मला जरा तिखटच वाटला. भाव बाजारापेक्षा थोडे जास्त, घासाघीस चालत नाही.

पण खरी मजा गल्ल्यावरच्या आजोबांची! १९७१ च्या युद्धात ते होमगार्डमध्ये होते. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली ती १६ ला संपली, तेवढे दिवस दिवसा दुकान आणि रात्री खाकी घालून काठी घेऊन गस्त, विमानहल्ल्याच्या भीतीने रात्री उजेड बाहेर दिसू द्यायचा नाही म्हणून बॅटरीच्या काचेवर कागद चिकटवलेला, कुणाच्या खिडकीतून कंदिलाचा उजेड दिसला की दार वाजवायचं, आणि तीच माणसं सकाळी उधारीवर साखर मागायला हजर, मग रात्री ओरडलेलं विसरून वही उघडायची म्हणे. शौर्याच्या फुशारक्या अजिबात नाहीत, उलट काळोखात गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) कसे पडले तेच रंगवून सांगतात. होमगार्ड १९४६ ला मुंबईत सुरू झालं हेही मला इथेच कळलं, शाळेत कोणी सांगितलं नव्हतं राव.

घाईत असाल तर जाऊ नका, पाव किलो गूळ बांधायला अर्धा तास जातो. यूपीआय आहे पण रेंज नाही, कॅश ठेवा. दुपारी दुकान बंद असतं. पाचपैकी चार स्टार, एक मसाल्याचा कापला.