मून म्युझिक : नऊ महिने ऐकून उरलेली साडेतीन गाणी

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा हा अल्बम आला ४ ऑक्टोबर २०२४ ला. आदल्या दिवशीच घट बसले होते. बडोद्यात राहणाऱ्याला यापुढं काही सांगावं लागत नाही. त्या नऊ रात्री गावात गरब्याशिवाय दुसरं संगीत नसतं. रात्री पाय चोळत झोपायचं, सकाळी डोळे चोळत ऑफिस गाठायचं. अशात हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो दांडिया बाजारातून अलकापुरीला जाताना, अ‍ॅक्टिव्हावर, हेल्मेटच्या आत एका कानात. (आईला हे माहीत नाही.) रेल्वेखालच्या गरनाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले तोवर चार गाणी झाली होती आणि माझं मत पक्कं झालं होतं : गोड आहे, फार गोड आहे. सत्यनारायणाचा शिरा हातावर चमचाभर पडला की दुसऱ्यांदा हात पुढं होतो. ताटभर वाढला की नको होतो. तेव्हाच लिहायला बसले असते तर पाचातले दोन तारे देऊन मोकळी झाले असते. आता जून उजाडलाय आणि मी तीन देतेय. तिसरा तारा कुठून आला, त्याचीच ही हकीगत.

तशी ओळख अल्बमच्या आधीची. 'वी प्रे' हे त्यातलं गाणं २३ ऑगस्टला सुटं आलं होतं, आणि तीन-चार दिवसांत, ऐन जन्माष्टमीच्या पावसात, विश्वामित्री नदी चढायला लागली. धोक्याची पातळी २५ फूट. पाणी ३५ च्याही वर गेलं. आमच्या सोसायटीत लाइट नाही, पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, आणि कुठल्या गल्लीत मगर दिसली याचे व्हिडिओ जो तो पुढं पाठवतोय. आम्ही खालच्या मजल्यावरच्या आत्याला वर आणून बसवलं होतं. भाचीनं पॉवर बँकेच्या शेवटच्या रेघेवर हे गाणं लावलं. मी ओरडले, बॅटरी जपून ठेव म्हणून. पण आत्यानं कान दिला. त्यात पाच गळे आहेत : बँडचा क्रिस मार्टिन, लंडनची लिटल सिम्झ, नायजेरियाचा बर्ना बॉय, पॅलेस्टिनी-चिलीयन एलियाना आणि अर्जेंटिनाची टिनी. आत्याला यातलं एकही नाव ठाऊक नाही, इंग्रजीही जेमतेम. गाणं संपल्यावर म्हणाली, "हे आरतीसारखं आहे गं. एकानं उचलायचं, बाकीच्यांनी ओढायचं."

मी ते हसण्यावारी नेलं. पण अल्बमबद्दल मला जे म्हणायचंय ते तिनं तेव्हाच म्हणून टाकलं होतं, हे कळायला जानेवारी उजाडावा लागला.

मधल्या तीन महिन्यांत मी तो एकटीनंच ऐकला, आणि चुकलं ते तिथंच. ऑफिसात हेडफोन लावून, रिटर्न भरता भरता. पाऊण तासाच्या आतबाहेरचा अल्बम, दहा गाणी. सुरुवातीला जॉन हॉपकिन्सबरोबरचं शीर्षकगीत, पियानो आणि धुकं. मग ते 'फील्सलाइकआयमफॉलिंगइनलव्ह'. टायपिंगची चूक नाही, नाव तसंच सलग लिहिलेलं आहे. सहाव्या गाण्याला तर नावच नाही, नुसतं इंद्रधनुष्याचं चिन्ह. घरातल्या स्पीकरला "ते लाव" म्हणून सांगायचं कसं, हे मला आजतागायत जमलेलं नाही. शेवटचं 'वन वर्ल्ड' प्रेमाची एकच ओळ घोळवत बसतं. तिथं मी दर वेळी पुढं सरकवते, नऊ महिन्यांत पुरतं ऐकलं असेल दोनदा.

शेजारच्या काकांना ऐकवण्याचं धाडसही याच काळातलं. काका म्युझिक कॉलेजात तबला शिकलेले. म्युझिक कॉलेज म्हणजे सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा, आता विद्यापीठाची फॅकल्टी. ज्या गावात फैयाजखाँसाहेब दरबारगायक होते त्या गावच्या माणसाला मी स्वीडनच्या मॅक्स मार्टिननं घडवलेलं पॉप ऐकवत होते. काकांनी डोळे मिटून तीन गाणी ऐकली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "यांचा गिटारवाला रजेवर आहे का?"

बरोबर नस पकडली त्यांनी. जॉनी बकलंडची गिटार हा या बँडचा अर्धा जीव होता. २००० च्या पहिल्या अल्बमपासून ज्यांनी त्यांना ऐकलंय त्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आणि ती खोटी नाही. इथं गिटार असते, पण फराळाच्या ताटातल्या शेवटच्या शंकरपाळ्यासारखी शोधावी लागते. बाकी सगळं कीबोर्ड, कोरस आणि चकचकीत ताल. कॉलेजातल्या आमच्या ग्रुपमध्ये यावरून अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, यांनी दुकान बदललं, पाटी तीच ठेवली. दुसरा म्हणतो, पन्नाशीला आलेल्या माणसांनी अजून विशीतलं रडगाणं गावं असं तुम्हांला का वाटतं? मी कुंपणावर. काका मात्र पुढं म्हणाले ते जास्त कामाचं होतं : "सम कुठं येणार ते चार मात्रा आधीच कळतं. ऐकायला बसलं तर कंटाळा येईल. पण नाचणाऱ्याला तेच हवं असतं. गरब्यात दुसरं काय आहे?"

मग अहमदाबाद. तिकिटाच्या रांगेचं रामायण नको. साइटवर माझा नंबर सात लाखांच्या पुढं होता, आणि अखेर मिळालेल्या तिकिटाचा खरा आकडा घरी कुणालाच सांगितलेला नाही. २५ जानेवारी, शनिवार. दुपारी एक्स्प्रेस हायवे धरला, शंभर किलोमीटरच्या आसपासचं अंतर, गाडीत आम्ही चौघी आणि लिलो चिवड्याचं अर्धा किलोचं पाकीट. मोटेऱ्याच्या त्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं. मनगटावर ते दिव्याचं कडं, जे जाताना परत द्यायचं असतं. 'वी प्रे'ला एलियाना स्वतः स्टेजवर आली. आणि ज्या गाण्याला मी ऑफिसात पुढं सरकवत होते, ते सलग नावाचं गाणं सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारचे पांढऱ्या मिश्यांचे एक आजोबा, बहुधा नातवाला सोबत म्हणून आलेले, दोन्ही हात वर करून उभे. कडं लाल झालं की स्वतःच्या मनगटाकडे बघून हसायचे. मी गात होते. मला शब्द येत होते! कधी पाठ झाले कुणास ठाऊक.

परतीला मेट्रोच्या रांगेत सुरतेची पाच-सात पोरं होती. रांग हलेना, तेव्हा त्यांनी तेच गाणं उचललं आणि फूटपाथवर गोल धरून त्यावर बे ताळीचा, म्हणजे दोन टाळ्यांचा, गरबा सुरू केला. ठेका तंतोतंत बसला. काकांची आठवण आली.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. २६ चा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवणार होते. घरी टीव्हीसमोर मी, आई आणि आत्या. पोळी-भाजीची ताटं मांडीवर. तोच बँड, तीच गाणी, चोवीस तासांचंच अंतर, आणि अल्बम पुन्हा ऑक्टोबरात होता तिथं : गोड, पातळ, जरा भाबडा. आईनं विचारलं, "यासाठी एवढा खर्च केलास?" मला उत्तर देता येईना. मग थोड्या वेळानं भाची तिच्या सहा मैत्रिणींना घेऊन टपकली, त्यांच्याकडे नेट चालत नव्हतं म्हणून. सोफा मागं सरकला, गालिचा गुंडाळला गेला, आणि दहा मिनिटांत तेच टीव्हीवरचं गाणं भरल्यासारखं वाजायला लागलं. आवाज वाढवला नव्हता. शेवटाकडे प्रजासत्ताक दिन म्हणून क्रिस मार्टिननं वंदे मातरम् म्हटलं तेव्हा आत्या ताट खाली ठेवून उभी राहिली, मग आम्ही सगळ्याच.

म्हणजे ज्यांना हा अल्बम पोकळ वाटला त्यांचंही खरं आणि ज्यांना डोक्यावर घ्यावासा वाटला त्यांचंही. आरती एकट्यानं मोबाइलवर लावून बघा. गरब्याची कॅसेट खुर्चीत बसून ऐकून बघा. तेवढंच. यांनी ही गाणी कानासाठी केलेलीच नाहीत, घोळक्यासाठी केलीत. माझी तक्रार इतकीच, की मग अल्बम म्हणून विकताना त्यात एकट्या माणसासाठीही थोडं जास्त ठेवायला हवं होतं. आपण मंगळवारी रात्री साडेअकराला भांडी घासत असतो, तेव्हा लाख माणसं कुठून आणायची?

तरी थोडं आहे, आणि साडेतीन गाणी उरली म्हणते ती त्यामुळेच. 'वी प्रे' तर झालंच, ते पुरामुळे माझं आहे. दुसरं आश्चर्यानं 'गुड फीलिंग्ज', नायजेरियाच्या आयरा स्टारबरोबरचं. डिस्कोच्या जातीचं गाणं आहे, आणि त्यात बँडच्या गाय बेरीमनचा बेस असा काही ठुमकत चालतो की उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या फोडताना मी आठवडाभर तेवढंच लावलं होतं. अर्धं म्हणजे ते इंद्रधनुष्य. सहा मिनिटांचं, तरंगत राहणारं; झोप येत नसेल तर पहिली तीन मिनिटं औषध आहे, पुढं माझं लक्ष उडतं. भाचीची यादी वेगळी. तिला 'ज्युपिटर' हवं, आपल्याला कोण आवडतं हे सांगायला बिचकणाऱ्या एका मुलीची गोष्ट. साधं गाणं आहे. मला बरं वाटलं, तिला फार जवळचं वाटलं. सोळाव्या वर्षी आणि बेचाळिसाव्या वर्षी एकच गाणं सारखं लागावं अशी अपेक्षाही नाही. 'एटर्ना' मात्र दोघींनाही नाही.

तबकडीबद्दल दोन शब्द, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. लंडनहून आलेल्या मामेभावानं आणून दिली. एकेक तबकडी नऊ जुन्या प्लास्टिक बाटल्यांपासून बनवलेली आहे, नेहमीच्या व्हायनलची नाही. बाबांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर, जिथं नाट्यसंगीताशिवाय काही वाजलं नव्हतं, ती छान वाजते. आवाजात फरक मला तरी कळला नाही. दुसऱ्या बाजूला एका जागी टक् असा आवाज येतो. तो तबकडीचा की आमच्या सुईचा, यावर भाऊ आणि काका अजून भांडताहेत. केवळ ऐकायला म्हणून घेत असाल तर घेऊ नका, फोनवर तेच मिळतं. कव्हरवरच्या चंद्राभोवतीच्या इंद्रधनुष्यासाठी घ्यायची असेल तर गोष्ट निराळी.

आणि तिसरं गाणं 'ऑल माय लव्ह'. पियानोवरचं साधं, जुन्या वळणाचं. आल्या आल्या मी त्याला 'भरतीचं गाणं' म्हणाले होते. डिसेंबरात त्याचा व्हिडिओ आला, त्यात अमेरिकेचे जुने नट डिक व्हॅन डाइक, शंभरीला टेकलेले, अनवाणी नाचतात. त्याच महिन्यात ते ९९ वर्षांचे झाले. आईला मी तो टॅबवर दाखवला. आईचे गुडघे गेलेत, गरब्याला आता ती खुर्ची घेऊन बसते. ती काही बोलली नाही. व्हिडिओ संपल्यावर "पुन्हा लाव" म्हणाली, आणि दुसऱ्या वेळी तिचा उजवा पाय मोजे घातलेल्या अवस्थेत फरशीवर हलत होता, टाच, चवडा, टाच.

अल्बमचं नाव तिच्या लक्षात राहत नाही. आमच्या घरात मेथी निवडताना तिची फर्माईश असते, "ते म्हाताऱ्याचं लाव गं." लावते. एकटीसाठी लावलं तरी ते पुरतं.