३ किलोवॅट सोलर बसवलं, व्हेंडरबद्दल थोडं

काम चांगलं आहे, पण कोटेशन डोळ्यात तेल घालून वाचा. आमचं महिन्याला ३०० युनिटच्या आसपास जातं, १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरले तर ३ किलोवॅटमध्ये भागतं, पण त्यांचा सेल्सवाला पोरगा ५ च्या खाली यायलाच तयार नाही, शेवटी म्हटलं अरे केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ३ ला ७८ हजार आणि ५ लाही तेवढीच, मग वरचे पैसे मी कशाला घालू? तेव्हा गप्प बसला. सबसिडीला डीसीआर (म्हणजे सेलसकट भारतात बनलेले) पॅनलच लागतात, तेही कोटेशनवर लिहून घेतलं. स्ट्रक्चर उंच करायचे पैसे मागाहून वेगळे मागितले, ते अजिबात पटलं नाही (खाली वाळवण घालायला जागा पाहिजे, हिचा हट्ट).

फिटिंग मात्र एक नंबर, स्लॅबला भोकं न पाडता सिमेंटचे ठोकळे भरून त्यात पाय उभे केले, अर्थिंग वेगळं, वायर सगळी पाइपातून. नेट मीटरचे (घेतलेली आणि परत लाइनला दिलेली वीज, दोन्ही मोजतो तो) कागदही त्यांनीच केले. आणि लाइट गेली की ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलरपण बंद पडतं हे ह्यांनीच आधी सांगितलं, बाकीचे कोटेशनवाले त्यावर बोललेच नाहीत, त्यामुळे घरातला जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर एवढ्यात भंगारात घालू नका.