द्राक्षाच्या आखणीसाठी आरटीके सर्व्हिस घेतली, अनुभव लिहितोय

मार्चमध्ये दिंडोरीच्या दीड एकरात नवीन बागेची आखणी करायची होती, 9 बाय 5 फुटांवर, दोरी-टेप धरून दोन दिवस घालवण्यापेक्षा नाशिकच्या एका आरटीके (उपग्रहांच्या सिग्नलवरून सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा दाखवणाऱ्या) मोजणीवाल्यांना बोलावलं. दोन पोरं आली, बांधावर बेस म्हणजे एका जागी राहणारा रिसीव्हर उभा केला, रोव्हरचा म्हणजे फिरत्या रिसीव्हरचा दांडा घेऊन चुन्याच्या खुणा टाकत निघाली, मी मधेमधे टेप लावून बघत होतो तर फरक दोन सेंटीमीटरच्या आतच.

पण स्टार देतोय ते संध्याकाळसाठी. ऊन उतरलं होतं, म्हटलं टॉर्च लावून उरकूनच टाकू, तर आठच्या सुमारास स्क्रीनवर फिक्स (पक्की जागा) जाऊन फ्लोट (नुसता अंदाज), परत फिक्स, परत फ्लोट. पोरं म्हणाली काका आता बंद, सकाळी येतो. मी चिडलोच, आभाळात एक ढग नव्हता. मग दोघांतल्या थोरल्या पोराने नीट समजावलं की ढगांचा संबंधच नाही, जीपीएस उपग्रहांचा सिग्नल 20,200 किलोमीटरवरून येतो आणि आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, अडखळतो, तिथे सूर्यामुळे मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्याला उशीर लावतात. दोन फ्रिक्वेन्सीचा रिसीव्हर असला, एल1 आणि एल5, तर दोन्हींना होणारा उशीर वेगवेगळा असतो, त्यावरून हिशोब करून तो काढून टाकता येतो. पण आपल्यासारख्या विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात दिवस मावळला की तिथे विरळ बुडबुडे तयार होऊन वर चढतात, त्यातून येताना सिग्नल चांदणीसारखा लुकलुकतो आणि रिसीव्हरची पकडच सुटते, मग दोन फ्रिक्वेन्सी असून उपयोग नाही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे जास्त, त्यात सूर्यावर डाग वाढलेली वर्षं असली की अजूनच. मे 2024 च्या सौर वादळात तर अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर उभे राहिले होते.

मोबाईलचा नकाशा पाच मीटर चुकला तरी गाडी घरी पोचते हो, पण इथे खुंट हातभर सरकला तर अँगल, तार, ट्रॅक्टरची गल्ली सगळंच वाकडं, आणि ते पुढे बाग असेपर्यंत.

सकाळी सातला हजर. आधी रात्रीच्या शेवटच्या दोन ओळी परत तपासल्या, तीन खुणा चुकल्या होत्या, त्या मोडून नव्या टाकल्या, मी सांगायच्या आधीच, आणि दुसऱ्या दिवसाचे पैसेही मागितले नाहीत.

तक्रार एकच, नकाशाची फाईल चार दिवसांनी आली, तीही दोनदा फोन केल्यावर. बोलावणार असाल तर सकाळचीच वेळ घ्या.