यवतेश्वरचा घाट, नऊ महिने आणि बॅटरीच्या पाच रेघा

गेल्या आठवड्यात माझ्या खात्यात 500 रुपये जमा झाले. साडेचार महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर सायकल कंपनीने परत केलेली ही रक्कम बॅटरीच्या तपासणीसाठी घेतलेल्या 590 रुपयांपैकी आहे. उरलेल्या 90 रुपयांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण निदान आता या ई-सायकलीविषयी हात न थरथरता लिहिता येईल, म्हणून लिहायला बसलो.

मी साताऱ्यात राहतो आणि माझी शाळा यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्यावर आहे. आठवड्यातून चार दिवस समर्थ मंदिराजवळून घाट चढून जायचे आणि संध्याकाळी तोच घाट उतरायचा, असा क्रम शाळा सुरू झाली त्या आठवड्यापासून, म्हणजे नऊ महिने, चालू आहे. आजवर साधारण 2,400 किलोमीटर झाले. सपाट रस्त्यावर ही सायकल कशी चालते, हे मला विचारू नये; सपाट रस्ता माझ्या वाटणीला फारसा येत नाही.

निवड करताना दोन वाटा होत्या. मोटर पायडलपाशी बसवलेल्या सायकलीत तिची ताकद साखळीतून आणि गिअरमधून चाकाला मिळते, त्यामुळे चढावर हलका गिअर टाकला की मोटरलाही हलके होते. घाटासाठी हाच प्रकार उत्तम, परंतु त्याची किंमत मला लाखाच्या पुढे सांगण्यात आली आणि माझा विचार तिथेच थांबला. दुसऱ्या प्रकारात मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधोमध, असते आणि तिला आपल्या गिअरचा काहीही उपयोग होत नाही. चाक मंदावले की मोटरही मंदावते. मी 38,000 रुपयांना हीच घेतली. 250 वॉटची मोटर, 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तासाची, म्हणजे 360 वॉट-तासांची बॅटरी. एकच शहाणपण अनवधानाने घडले. 29 इंची चाकाची सायकल दिसायला रुबाबदार होती, पण ती शिल्लक नव्हती म्हणून साडेसत्तावीस इंची घेतली. हबच्या मोटरला लहान चाक मानवते, कारण त्याच वेगाला ते अधिक फेरे घेते आणि चढावर मोटर गुदमरत नाही. आज घ्यायची झाली तर मी 26 इंची शोधेन.

आता मूळ दुखण्याकडे येतो. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर बॅटरीच्या पाच रेघा दिसतात. घरातून निघताना पाच असतात. घाटाच्या दुसऱ्या वळणावर तीन होतात, त्यापुढच्या खड्या चढावर एकच उरते आणि तीही लुकलुकू लागते. पहिल्या दिवशी मी घाबरून उतरलो, सायकल कठड्याला टेकवली, पाणी प्यालो आणि पाहतो तर रेघा पुन्हा चार. असे रोज घडू लागले. ऑगस्टमधल्या धुक्यात, रेनकोटमधून पाणी आत शिरत असताना, मी रस्त्यापेक्षा त्या रेघांकडेच जास्त पाहत असे. पत्नीने विचारले, की शाळेत वेळेवर पोहोचता ना, मग रेघांचे काय करायचे आहे? प्रश्न रास्त होता, पण मला झोप येत नव्हती.

बॅटरी सदोष आहे, अशी माझी खात्री झाली. कंपनीने ती पुण्याच्या सेवा केंद्रात पाठवण्यास सांगितले. लिथियमची बॅटरी म्हटल्यावर दोन कुरिअरवाल्यांनी हात वर केले. शेवटी ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी ती कापडी पिशवीत घालून, मांडीवर घेऊन मी एसटीने स्वारगेटला गेलो. शेजारच्या आजींनी डबा आहे असे समजून आत काय आहे म्हणून विचारले. खरे उत्तर दिल्यावर त्या खिडकीकडे सरकल्या. केंद्रात बॅटरी पूर्ण भरून यंत्रावर रिकामी करून पाहिली, ती 9.4 अँपिअर-तास भरली, म्हणजे ठणठणीत. मग माझ्या हातात तपासणीचे 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 590 रुपयांचे बिल ठेवले. वॉरंटीतल्या वस्तूच्या तपासणीला शुल्क लागते, हे मला कोणीही आधी सांगितलेले नव्हते आणि वॉरंटीच्या कागदावरही तसे लिहिलेले नव्हते.

रागाच्या भरात मी 180 रुपयांचा व्होल्टमीटर आणून हँडलला बांधला आणि वहीत आकडे टिपू लागलो. हेतू कंपनीला खोटे पाडण्याचा होता, झाले उलटे. घाटाच्या पायथ्याशी 40.3 व्होल्ट असलेला आकडा खड्या चढावर 37.2 पर्यंत खाली येई आणि थांबलो की अर्ध्या मिनिटात 39.8 वर परत जाई. मोटर जोरात प्रवाह ओढू लागली की बॅटरीचा दाब (व्होल्टेज) तात्पुरता दबतो आणि त्या पाच रेघा केवळ तो दाब मोजतात, बॅटरीत किती शिल्लक आहे ते नाही. माझ्यासह सायकलीचे वजन शंभर किलो आहे आणि माझा चढ सुमारे 350 मीटरचा. एवढे वजन तेवढे उचलायला 95 वॉट-तास लागतात. मोटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरली आणि मी पाय अजिबात हलवले नाहीत, तरी 360 वॉट-तासांच्या बॅटरीला हे जड नाही. बॅटरीवर मी अन्याय केला होता, हे येथे नमूद करतो.

मग प्रवाह एवढा का लागतो? याचे उत्तर माझ्या पायांत होते. पुढची चकती 42 दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी 28 दात्यांची. ताशी दहा किलोमीटरला पायडलचे जेमतेम पन्नास फेरे होत आणि गुडघे कुरकुरत. त्यामुळे मी सगळा भार मोटरवर टाकून केवळ पाय फिरवल्याचे नाटक करत होतो. मागे 34 दात्यांचे फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवावे, असे ठरवले. शिमानो कंपनीच्या त्या फ्रीव्हीलमध्ये 24 दात्यांच्या चकतीनंतर एकदम 34 दात्यांची येते, मधले काही नाही, पण घाटात ते चालते. अडचण वेगळीच निघाली. मोटरचा आस साध्या सायकलीपेक्षा जाड असल्याने जुने फ्रीव्हील खोलण्याची चावी त्यावरून आत जाईना. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने चावीचे भोक मोठे करून दिले आणि त्याचे साठ रुपये घेतले. पायडलपाशी पुढची चकतीही 34 दात्यांची केली. साखळी नवी, मजुरी धरून एकूण खर्च 2,150 रुपये.

आता त्याच चढावर पाय सत्तर फेऱ्यांनी फिरतात, मोटरच्या मदतीची पातळी पाचवरून तीनवर आली आहे, मोटरचे कवच हात ठेवता येईल इतपतच तापते आणि रेघा तीनच्या खाली जात नाहीत. विक्रेत्याने हा बदल दुकानातच सुचवला असता तर पुण्याची फेरी वाचली असती. त्याऐवजी तो वेगमर्यादा काढून देण्याची गोष्ट करत होता. 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत राहिल्यामुळेच नोंदणी लागत नाही, आणि घाट चढताना पंचविसाचा वेग येतो कुणाला?

उतारावर बॅटरी आपोआप भरते, हेही त्यानेच सांगितले होते. या मोटरच्या आत दाते आणि एकाच दिशेने धरणारा क्लच आहे; उतारावर चाक मोटरला फिरवतच नाही, तर भरणार काय? सगळी ताकद ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. पावसाळ्यातल्या चिखलात ब्रेक पॅडची पहिली जोडी अकरा आठवड्यांत संपली. धातूमिश्रित पॅड टिकतात, मात्र ओले झाले की कोकलतात. ऑइलच्या ब्रेकचा मोह झाला होता, परंतु मूळ लिव्हरमध्ये ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच आहे आणि तो मला गमवायचा नव्हता, म्हणून केवळ पुढच्या ब्रेकला मोठी, 180 मिलिमीटरची डिस्क बसवली.

चार्जिंगला एका वेळी अर्धा युनिटही लागत नाही, यापेक्षा अधिक स्तुती मला सुचत नाही.

राहिले 90 रुपये. कंपनी म्हणते की कर सरकारजमा झाला आहे. माझे म्हणणे असे, की शुल्कच रद्द केले असेल तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढून त्यावरचा करही परत देता येतो. तसे पत्र सोमवारी पाठवले आहे, सोबत व्होल्टच्या वहीची अकरा पाने जोडली आहेत.