सातवाहनकाळाचा भिंतीवरचा नकाशा: डोंगर चोख, होडी चुकीची

सातवाहनांचे व्यापारी मार्ग दाखवणारा हा नकाशा पुस्तकांच्या स्टॉलवर ३५० रुपयांना मिळतो. आकार १०० बाय ७० सेंमी, प्रमाण १ सेंमीला १० किमी, वर-खाली लाकडी पट्ट्या. पश्चिमेला भडोच-कल्याण, पूर्वेला नांदेडच्याही पुढे, असा सगळा पट्टा मावतो. शाळेच्या वर्गासाठी घ्यायला हरकत नाही, पण टांगण्याआधी काही दुरुस्त्या करून घ्या. कागद गुळगुळीत आहे, पेन्सिल धरत नाही. बारीक टोकाचा मार्कर लागेल.

पहिली दुरुस्ती पैठणची. गोदावरीत भरल्या शिडाची होडी काढली आहे. दिसायला झकास, पण त्या एका चित्राने सगळा विषय उलटा होतो. गोदावरी वाहते पूर्वेला आणि पैठणचा माल जायचा वायव्येला, नर्मदेच्या मुखाशी असलेल्या भडोच बंदराला. म्हणजे नदीच्या ओघात सोडलेला माल बाजारापासून लांबच जाणार. त्यात हे काळ्या कातळाचं पात्र: पावसाळ्यात लोंढा, उन्हाळ्यात डोह आणि वाळू. पैलतीरी जायला नावा असणारच, पण लांबचा माल गाड्यांवरच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी टिपणात ते सरळ लिहिलं आहे: पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथला माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला येतो.

मग नदीने दिलं काय? माल दिला. पेरिप्लसमध्ये पैठणहून येणाऱ्या मालात अकिकासारखे रंगीत खडे आहेत. ते बेसॉल्टच्या, म्हणजे या काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत तयार होतात, खडक झिजला की सुटतात आणि नदी-ओढ्यांच्या रेतीत जमतात. मराठवाड्यातल्या नांगरटीत आजही गारगोट्या वर येतात. तगरहून साधं कापड आणि मलमल जायची. त्यामागे कापसाची काळी जमीन. नकाशात मातीची छटा एकसारखी फिकट तपकिरी आहे. खोऱ्यातली भारी जमीन आणि माथ्यावरची मुरमाड वेगळी दाखवली असती तर हे बोटाने दाखवता आलं असतं.

प्रमाण मात्र नेमकं पाळलंय, आणि त्याचा वर्गात चांगला उपयोग होतो. दोरा घ्या. पैठण ते भडोच साधारण ३५ सेंमी भरतो, म्हणजे सरळ रेषेत ३५० किमी. पेरिप्लस या वाटेला २० दिवस सांगतो. दिवसाला साडेसतरा किमी पडले, वळणं धरून थोडे जास्त; बैलगाडीची चाल हीच. पैठण ते तेर दोरा १५ सेंमी, दिवस १०. चाल १५ वर आली. दहा-वीस हे ठोकळ आकडे आहेत, त्यावर फार इमले बांधू नयेत. तरी ही वाट पाहा: आधी गोदावरी, मग सिंदफणा, बालाघाट चढून मांजरा आणि शेवटी तेरणा. नदीकाठाने जाणं नाहीच, नद्या आडव्या कापत जायचं. नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा कुठे मिळते यावर गाव वाढणार की नाही हे ठरायचं.

दिशेचाही घोळ आहे. पेरिप्लस तगर पैठणच्या पूर्वेला म्हणतो म्हणून बाणही थेट पूर्वेला काढलाय, गावाचा ठिपका मात्र बरोबर आग्नेयेला. बाण खोडा. तेरणा थेट गोदावरीत सोडली आहे, ती मांजरेत मिळवा. आणि पैठणशेजारचा निळा फुगवटा हा आजच्या नकाशावरून तसाच उचललेला नाथसागर, जायकवाडी धरणाचा जलाशय! जायकवाडीचं काम १९६५ ला सुरू झालं. सातवाहनांच्या काळात तिथे नुसती नदी होती. मुलं हमखास विचारतात, तेव्हा तो आधी झाका.

डोंगर बाकी सुरेख आहेत. अजिंठा-सातमाळ्याची भिंत ठसठशीत उठून दिसते आणि तिच्यातली कन्नड-चाळीसगावची खिंडही. त्या वाटेजवळ पितळखोरा लेणी. तिथल्या खांबावर पैठणच्या एका गंधिक (सुगंधी द्रव्यांचे व्यापारी) घराण्यातल्या मित्रदेवाचं दान कोरलेलं आहे. नाणेघाटाला मात्र खिंडीइतकीच जाड रेघ दिली आहे, ते खटकतं. ती कातळात फोडलेली उभी वाट, पायी माणसांची आणि पाठीवर गोणी घेतलेल्या बैलांची. तिथे गाडी उतरत नाही. रेघ तुटक हवी. शिवाय ही वाट ज्या कल्याण बंदराकडे जाते, त्याची पेरिप्लसच्या वेळी अडवणूक चालू होती, तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात.

नकाशात ऋतू नाहीत. कोपऱ्यात एक छोटं कॅलेंडर छापलं असतं तर बरंच उलगडलं असतं. जहाजं इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघायची, पावसाळी वाऱ्यावर इकडे यायची आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परतायची. इकडे चिखलात चाक आसापर्यंत रुततं, काळ्या रानात आश्विनाआधी भरली गाडी हलत नाही. दसऱ्याला सुटलेली तेरची गाडी महिनाभराने भडोचला. परतीची जहाजं गाठायला एवढीच सवड.

खालच्या चौकटीत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं चित्र आहे, खाली लिहिलंय ‘तेरहून पाँपेईला गेलेली मूर्ती’. एवढ्या खात्रीने लिहू नये. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात १९३८ मध्ये मूर्ती सापडली, तिच्याशी मिळतीजुळती तेरला मिळाली आणि भोकरदनलाही. कुठे घडवली यावर वाद आहे. भोकरदन तर नकाशात मुळीच नाही. जालना जिल्ह्यात केळणेच्या काठी ठिपका द्या, जुनं नाव लिहा, भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांत या गावचे लोक आहेत.