देठाचा श, पाकळीचा ल आणि दिवाळीपासून चालवलेलं लिनक्स मिंट

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि घरचा धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारा ठरला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, नंतर घातलेली एसएसडी. विंडोज ११ ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, ते यात नाही. ओळखीच्या दुकानदाराला विचारलं तर त्याने सरळ नव्या मशीनचं कोटेशन हातात ठेवलं. माझं काम काय, तर सोसायटीच्या नोटिसा, सभांची इतिवृत्तं, मेंटेनन्सचा हिशेब, मेल आणि अधूनमधून स्कॅन. एवढ्यासाठी चालतं मशीन भंगारात द्यायचं, हे मला पटेना. विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट २२ ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवली आणि दिवाळीपासून घरात तेच चालू आहे. या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तोवर तरी कोटेशनचा कागद रद्दीत.

बसवण्याबद्दल काही लिहीत नाही, त्यावर भरपूर माहिती आहे. मला बोलायचंय ते लिबरऑफिसबद्दल, म्हणजे एमएस ऑफिससारख्याच पण मोफत असलेल्या संचाबद्दल, आणि त्यातही मराठी फॉन्टच्या एका कप्प्याबद्दल. पहिले दोन आठवडे त्या कप्प्याने माझा जीव नकोसा केला होता.

झालं असं की नोटिशीच्या मथळ्याची स्टाइल, म्हणजे फॉन्ट-आकाराची ठरवून ठेवलेली मांडणी, उघडली आणि आकार १८ केला. वर इंग्रजीत असलेलं सोसायटीचं नाव मोठं झालं, खालचं 'सूचना' मात्र होतं तेवढंच. फॉन्ट बदलला, इंग्रजीचा बदलला, मराठीचा नाही. ठळक केलं, तीच कथा. शब्द निवडून वरच्या पट्टीतून आकार दिला की ऐकायचं, पण मग प्रत्येक नोटिशीत प्रत्येक मथळा हाताने निवडत बसा. थकबाकीदारांची यादी करताना तर डोकं फिरायची वेळ आली. सदनिका क्रमांक इंग्रजीत, नावं मराठीत, आणि एका ओळीत दोन उंचीची अक्षरं.

कारण असं आहे. लिबरऑफिस प्रत्येक स्टाइलमध्ये रोमन लिपीसाठी वेगळा फॉन्ट, आकार आणि भाषा ठेवतं, आणि देवनागरी, अरबीसारख्या लिप्यांसाठी वेगळा संच. या दुसऱ्या संचाचं नाव 'सीटीएल', म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. वर्डमध्येही असा वेगळा कप्पा आहेच. पण लिबरऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' पुढे खूण नसेल, तर हा कप्पा खिडकीत दिसतसुद्धा नाही. मराठी अक्षरं पानावर उमटताहेत, त्यांचा आकार कुठेतरी ठरतोय, आणि ते 'कुठेतरी' माझ्यापासून लपवलेलं. हा दोष लहान नाही. नवा मराठी माणूस इथेच कंटाळून परत जातो, हे मी आमच्या इमारतीतच पाहिलंय.

तर आधी टूल्स, ऑप्शन्स, भाषा. तिथे ती खूण करा आणि शेजारच्या यादीत 'मराठी' निवडा. हिंदी नको, मराठीच. का ते सांगते.

मी ते केलं आणि उघड्या नोटिशीकडे पाहतच राहिले. 'शुल्क' या शब्दातला श आणि ल माझ्यासमोर बदलले. आधी हिंदी वळणाचे होते, आता शाळेत पाटीवर गिरवलेले, देठाचा श आणि पाकळीचा ल. फॉन्ट तोच, लोहित देवनागरी. एक अक्षरही पुन्हा टाइप केलेलं नाही. फॉन्टच्या फायलीत दोन्ही रूपं भरलेली असतात आणि मजकूर कुठल्या भाषेचा आहे ते कळलं की त्या भाषेचं रूप उचललं जातं. हे काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. लिबरऑफिसच्या ५.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, सगळ्या प्रणालींवर जोडाक्षरं जुळवणंही त्याच्याकडेच आहे. नोटो सान्स देवनागरीतही ही रूपं आहेत. मात्र प्रत्येक फॉन्टमध्ये असतीलच असं नाही, तेव्हा 'शाल' लिहून बघायचं आणि मग फॉन्ट ठरवायचा.

देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल वापरावा असं नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही आहे. तरी आजूबाजूच्या पाट्या, निमंत्रणपत्रिका, अगदी शाळेची परिपत्रकंसुद्धा बघा. टोकाच्या श ची आणि दांडीला चिकटलेल्या ल ची आपल्याला इतकी सवय झालीय की खटकायचंही बंद झालंय. आमच्या फळ्यावरच्या नोटिशीत आता श आणि ल मराठी आहेत. तळमजल्यावरच्या देशपांडे काकूंनी, त्या निवृत्त शिक्षिका आहेत, नोटीस वाचून मला थांबवलं आणि विचारलं, "हा ल कुठून आणलास गं?" त्या दिवशी मला जो आनंद झाला तो कुठल्याही नव्या मशीनने दिला नसता.

त्यामुळे त्या लपलेल्या कप्प्याबद्दलचं माझं मत आज वेगळं आहे. दोन लिप्यांना दोन संच ठेवणं हाच योग्य मार्ग आहे. इंग्रजीला लिबरेशन सेरिफ १२, मराठीला लोहित १३, हे एकदा स्टाइलमध्ये भरलं, टेम्पलेट म्हणून जतन केलं आणि तोच कायमचा टेम्पलेट केला. आता एका ओळीत दोन्ही लिप्या आल्या तरी उंची जुळते, आणि मला काही निवडावं लागत नाही. राग फक्त लपवण्यावर आहे आणि तो राहणार. दुसऱ्याकडून आलेल्या फायलीत भाषा हिंदी लावलेली असली तर ल परत हिंदी होतो. मग मजकूर निवडून त्याची सीटीएल भाषा मराठी करायची. पीडीएफ केली की अक्षरं जशी दिसतात तशीच बंद होतात, समोरच्याकडे काहीही असो. व्हॉट्सॲपवर नुसता मजकूर चिकटवला तर मात्र फोनचा फॉन्ट काय दाखवेल ते खरं, म्हणून नोटिसा मी पीडीएफच पाठवते.

टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीने करते. 'दुसऱ्या मजल्यावरील' मधला ऱ्य नीट यायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. नुसता जे दाबला की 'दुसर्‍या' ऐवजी रफार चढून 'दुसर्या' होतं, आणि छापील इतिवृत्तात ते फार वाईट दिसतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. हिशेब कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या एक्सेलमध्ये करते, भारतीय लोकेल (प्रदेशाचं सेटिंग) ठेवलं की स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी पडतात. ऑडिटरची मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) भरलेली एक्सेल फाइल उघडते, पण त्यातले मॅक्रो धड चालतीलच असं नाही. त्यांच्याकडून साधी फाइल मागून घ्यायची हा माझा तोडगा. पीडीएफसाठी मिंटबरोबर येणारा एक्सरीडर काढून ओक्युलर घातला. खुणा करणं, फॉर्म भरणं, डिजिटल सही करणं सगळं त्यात होतं, तेही वर्गणी न भरता. जर्मनीचं ब्लू एंजल हे पर्यावरण चिन्ह मिळवणारं ते पहिलं सॉफ्टवेअर आहे, वीज आणि संसाधनं कमी वापरतं म्हणून २०२२ मध्ये मिळालं. जुन्या मशीनवर ते इतकं हलकं का चालतं याचं उत्तर त्यात आहे. फोनमधले फोटो वॉर्पिनेटरने घरच्या वायफायवरून येतात, इंटरनेट लागत नाही. टाइमशिफ्ट मात्र पहिल्याच दिवशी चालू करा. अपडेटने काही बिघडलं तर प्रणाली मागच्या तारखेला नेता येते. एवढं ध्यानात ठेवा की ते प्रणालीची नोंद ठेवतं, तुमच्या कागदपत्रांची नाही. त्यासाठी वेगळी हार्डडिस्क लागतेच.

स्कॅनरने मात्र चकित केलं. कंपनीने त्याचा विंडोजचा ड्रायव्हर केव्हाच वाऱ्यावर सोडलाय, म्हणून तो माळ्यावर पडला होता. मिंटला जोडला आणि डॉक्युमेंट स्कॅनर उघडला, तो यादीत हजर. सेन या मुक्त प्रकल्पात असले कितीतरी जुने स्कॅनर लोकांनी जिवंत ठेवलेत. पानं पुढेमागे करून एकच पीडीएफ होते. इमारतीचे जुने मंजूर नकाशे आणि पहिल्या सभांची इतिवृत्तं मी त्यावरच उतरवली.

प्रिंटरचं रडगाणं अजून संपलेलं नाही. नवे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतात, पण माझा लेसर प्रिंटर जुन्या जातीचा. पानाची सगळी आखणी संगणकावर होते आणि त्यासाठी कंपनीचाच बंदिस्त ड्रायव्हर लागतो. लिनक्ससाठीचा आहे तो इतक्या जुन्या आवृत्त्यांचा की एक पान छापून गप्प बसतो. सेवा केंद्रात तीनदा फोन फिरवला गेला, शेवटी उत्तर मिळालं, "मॅडम, नवीन मॉडेल घ्या." टोनर अर्धा भरलेला असताना नवीन मॉडेल मी घेणार नाही. इथल्या कुणी असला जुना लेसर मिंट २२ वर नीट चालवला असेल तर कुठला ड्रायव्हर घातला ते खाली लिहा. तोवर नोटिशीची पीडीएफ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते, दोन रुपये पान.