एकाच माणसाचे दोन पाय: उजव्यात स्टेंट, डाव्यात बायपास

माझ्या वडिलांचे वय एकाहत्तर आहे, त्यांना बावीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि तंबाखूची सवय त्याहून जुनी आहे. पायांच्या धमन्या तुंबल्यामुळे दीड वर्षाच्या अंतराने त्यांच्या उजव्या पायात स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला गेला आणि डाव्या पायाचा बायपास झाला. दोन्ही उपचार पुण्यातील एकाच खासगी रुग्णालयात झाल्यामुळे तुलना करणे सोपे गेले. माझी तक्रार एका संस्थेपुरती नाही, म्हणून रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही.

रात्री ते पाय खाटेवरून खाली सोडून बसत, आणि आम्ही त्याला वाताचा त्रास समजत होतो. पाय खाली सोडल्याने उतरत्या रक्ताला वजनाची मदत मिळते व ठणका थोडा कमी होतो, हे नंतर कळले. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर पहिल्या तपासणीत चांगले निघाले होते. परंतु मधुमेहींच्या धमन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा फसवा येतो. मांडीतील मुख्य धमनी बंद असल्याचे डॉपलर तपासणीत (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) दिसले, तोवर उजव्या अंगठ्याला जखम झाली होती.

स्टेंटची सेवा अनुभवाला सुखद आहे, हे मान्य करायला हवे. डाव्या जांघेतून नळी घालून, फक्त तेवढी जागा बधिर करून दीड तासात काम झाले, तिसऱ्या दिवशी वडील घरी आले आणि दोन महिन्यांत जखम भरली. अकराव्या महिन्यात मात्र पोटरी पुन्हा दुखू लागली. स्टेंटच्या आतच नवी वाढ होऊन मार्ग अरुंद झाला होता, त्यामुळे पुन्हा नळीतून फुगा घालून तो रुंद करावा लागला. मांडीतील धमनी चालताना वळते, पिळते, दाबली जाते, त्यामुळे तिथला स्टेंट हृदयातल्या स्टेंटइतका निवांत नसतो. बिलाचाही धक्का बसला. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतींवर जी मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटसाठी आहे, हे आम्हाला बिल हातात आल्यावर समजले.

खरी तक्रार वेगळी आहे. त्या वेळी बायपास हा शब्द कोणी उच्चारला नाही आणि बंद धमनीला वळसा देणारा नवा मार्ग म्हणून पायातलीच शीर वापरण्याजोगी आहे का, हे कोणी पाहिले नाही. आदल्या संध्याकाळी संमतीपत्र समोर ठेवले, एवढाच काय तो संवाद.

डाव्या पायाच्या वेळी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांनी आधी सोनोग्राफीने शीर तपासली, ती सर्वत्र तीन मिलिमीटरहून रुंद असल्याचे पाहिले आणि निळ्या पेनाने जांघेपासून पोटरीपर्यंत तिचा मार्ग कातडीवर आखला. त्यांनी बायपास आणि नळीद्वारे उपचार यांची रुग्णांवर तुलना करणाऱ्या २०२२ च्या बेस्ट-सीएलआय या चाचणीचा दाखला दिला. तिच्यात चांगली शीर असलेल्या १,४३४ रुग्णांच्या गटात मृत्यू, मोठे अंगच्छेदन (घोट्याच्या वर पाय कापणे) किंवा पायावर पुन्हा मोठा हस्तक्षेप यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण बायपासमध्ये ४२.६ टक्के, तर नळीद्वारे उपचारात ५७.४ टक्के होते. अशी शीर नसलेल्या गटात ठळक फरक दिसला नाही. मात्र २०२३ च्या बेसिल-२ चाचणीत, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी उपचार घेतलेल्या ३४५ रुग्णांत, मोठे अंगच्छेदन किंवा मृत्यू यांचे प्रमाण बायपासमध्ये ६३ टक्के आणि नळीद्वारे उपचारात ५३ टक्के निघाले, हेही त्यांनी लपवले नाही. अडथळा कुठे आहे, शीर कशी आहे आणि हृदय शस्त्रक्रिया झेपवेल का, या तीन प्रश्नांआधी उपचाराचे नाव घेणारे डॉक्टर मला आता संशयास्पद वाटतात.

बायपास सोपा नव्हता. पाच तास शस्त्रक्रिया, नऊ दिवस रुग्णालय, जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत टाके. जांघेजवळची जखम उसवून पाणी येऊ लागले आणि पाच आठवडे घरी रोज ड्रेसिंग करावे लागले. पाय चार महिने सुजलेला होता. वडील त्या काळात उजव्या पायाकडे बोट दाखवून म्हणत, “हाच शहाणा होता.” परिचारिकांनी ड्रेसिंग मला हाताला धरून शिकवले, त्या सेवेला मी पूर्ण गुण देईन, बिलिंग खिडकीला निम्मेही नाही.

ज्यांची प्रकृती मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही किंवा ज्यांची शीर हृदयाच्या बायपासमध्ये आधीच वापरली गेली आहे, त्यांच्यासाठी स्टेंटचा मार्ग मी नक्कीच सुचवेन. धडधाकट हृदय आणि चांगली शीर असेल, तर मात्र पहिल्याच भेटीत शिरेची सोनोग्राफी मागावी. किडनीचा त्रास असल्यास नळीच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या रंगद्रव्याबद्दलही विचारावे. गोळ्या दोन्हीकडे सुटत नाहीत, ठरावीक काळाने डॉपलरही करावे लागते, आणि तंबाखू चालू राहिल्यास दोन्ही कामे वाया जातात. वडिलांची मिशरी बायपासनंतर सुटली, स्टेंटनंतर नाही. तीन दिवसांत घरी आलेल्या माणसाला आजार मोठा वाटलाच नव्हता.

बायपासला आता चौदा महिने झाले. जोडलेली शीर कातडीखाली वरवरच आहे. रोज सकाळी चहाआधी वडील डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन बोटे ठेवतात, ठोका लागला की मान हलवतात आणि मगच चपला शोधतात.